घोगरी कोण होती

हे मी कुठंच लिहिलेलं नाही. मुलाखतीत बोललो नाही, मित्रांना सांगितलं नाही, बायकोला तर अजिबात नाही. गेल्या उन्हाळ्यात घरातल्या दोन माणसांना ते कळलं, पण तेही मी शहाणपणानं सांगितलं म्हणून नव्हे, तोंडातून निसटलं म्हणून. तुम्हाला मात्र समजून उमजून सांगतोय. बसा जरा. थोडं अडखळत सांगेन — वाक्यं जुळवून सांगायची मला सवय आहे आणि त्या सवयीनंच सगळा घोटाळा केलाय.

मी अद्भुत कादंबऱ्या लिहितो. माझं घर गोव्यात, मांद्र्याला. माझ्या गोष्टी जवळच्याच चोपडे गावच्या खाजणाखाली घडतात. खाजण म्हणजे खाडीचं पाणी बांध घालून अडवलेली आमची भातशेती. त्या चिखलाच्या खाली एक नगर आहे, असं मी लिहिलं. जगात हरवलेले सगळे आवाज तिथं जाऊन राहतात, असं लिहिलं. मुलांनी ते उचलून धरलं, मुलांच्या आयांनी वाचलं, एकाची चार पुस्तकं झाली. आणि त्या चारही पुस्तकांत सगळ्यांना आवडते, सगळे जिला घाबरतात, ती घोगरी. माणसाच्या नरड्यातून आवाज पिऊन घेणारी. बोलताना डावा हात गळ्यावर धरणारी, वाऱ्यासारखा फाटका आवाज काढणारी, आणि दर वाक्याच्या शेवटी "आयकलंस?" असं विचारणारी.

घोगरी कुठून सुचली, असं मला कायम विचारतात. माझं उत्तर ठरलेलं होतं. बांधाला पाणी सोडायला लाकडी दार असतं, आम्ही त्याला मानस म्हणतो. भरतीच्या वेळी त्या मानशीतून वारा घोगरा आवाज करतो, लहानपणी मी त्याला घाबरायचो, तिथून ती आली. काय छान उत्तर आहे ना? मलाही आवडायचं. लोक मान डोलवायचे. एकदा एक बाई डोळे पुसताना पाहिल्या मी.

मानस तसला आवाज करत नाही. पाणी खळखळतं, एवढंच.

घोगरी म्हणजे माझी काकी. शालिनीकाकी, माझ्या धाकट्या काकांची बायको. गळ्यावरची गाठ काढायला तिचं ऑपरेशन झालं, त्यात कसलीशी शीर दुखावली आणि तिचा आवाज गेला. म्हणजे संपूर्ण गेला नाही, अर्धा राहिला. पहिल्यासारखं बोलायला जोर लागायचा, म्हणून ती गळ्यावर हात धरायची. आपलं बोलणं समोरच्याला पोचलं की नाही याची तिला खात्री वाटेना, म्हणून ती विचारायची — "आयकलंस?"

आता कळलं ना मी काय केलं ते?

नाही, अजून नाही कळलं. हे तर नुसतं दार आहे. लेखक आसपासच्या माणसांवरूनच लिहितात, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला हेच म्हणत आलो. पण मी सहज, नकळत लिहिलं नव्हतं. मी तिच्यावर सूड म्हणून लिहिलं.

मी पंचवीस-सव्वीसचा असताना डिचोलीला एका खाणकंपनीच्या ऑफिसात कारकून होतो. ती नोकरी मी घरी न सांगता सोडली. रोज सकाळी डबा घेऊन स्कूटरवरून निघायचो आणि डिचोलीऐवजी हरमलला जायचो. किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये, म्हणजे झावळ्यांच्या हॉटेलात, कोपऱ्यातलं टेबल धरायचो, एका चहावर दुपार काढायचो आणि लिहायचो. संध्याकाळी दमल्यासारखं तोंड करून घरी. काकी एकदा हरमलला तिच्या बहिणीकडं बारशाला आली होती. तिनं मला पाहिलं. मला काही बोलली नाही, घरी जाऊन माझ्या बाबांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाबा शॅकमध्ये आले. इस्त्रीची पँट, आत खोचलेला शर्ट, आजूबाजूला अर्धेउघडे गोरे लोक, आणि पायांत वाळूनं भरलेल्या चपला. ओरडले नाहीत. "घरा चल," म्हणाले आणि मागं वळले. त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. पुढं हळूहळू बोलायला लागले, पण मोजकं — पाव आणले का, पंप चालू कर, असलं. वर्षभरात ते गेले. अचानक, अंगणातच.

आणि मी ठरवून टाकलं की बाबांचं ते शेवटचं वर्ष काकीनं माझ्याकडून हिरावून घेतलं. खोटं मी बोललो होतो. ती खरं बोलली होती. तरी राग तिच्यावर.

ही सबब म्हणून सांगत नाही मी. सांगितलं नाही तर तुम्ही माझ्यासाठी याहून मोठं, याहून चांगलं कारण शोधाल, म्हणून सांगतोय. कारण एवढंच होतं. एवढंसंच.

तर, घोगरी लिहिताना मला मजा आली. हे लिहायला मात्र जड जातंय. प्रत्येक वाक्याला मला आतून गुदगुल्या होत होत्या. हात गळ्यावर ठेवला, हसलो. "आयकलंस?" घातलं, पुन्हा हसलो. मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकारानं विचारलं, गळ्यावर हात म्हणजे नेमका कसा हवाय? मी त्याला एक फोटो पाठवला. काकीचा मुलगा दामू, त्याच्या लग्नातला. तिच्या शेजारची माणसं कापून टाकली, तिला एकटीला ठेवलं, आणि पाठवून दिला. त्यानं तस्सा हात काढला. अंगठा कानाच्या पाळीखाली, बोटं पसरलेली. वरून त्यानं गळ्यावर एक लाल रेघ ओढली. ती माझ्या सांगण्यावरून नव्हती, पण मी ती पुसायलाही सांगितली नाही.

पुस्तक आलं त्या वर्षीची चवथ. आमच्याकडं गणपतीला सगळं घराणं मांद्र्याला जमतं. काका वारल्यावर काकी दामूकडं डिचोलीला राहायला गेली होती, तीही आली. पोरांच्या हातात पुस्तक होतं. गणपतीवर फळं-भाज्या टांगलेल्या माटोळीखाली उभी राहून पोरं गळ्यावर हात धरून एकमेकांना भिववत होती — "आयकलंस?" काकी मखराला फुलं लावत होती. तिनं मागं वळून पाहिलं. पोरं तिच्याकडं बघून किंचाळली आणि पळाली. हसत पळाली, पण पळाली.

घरातले मोठेही ओठ दाबून हसले. मी आरतीची तबकं पुसत बसलो होतो. मान वर केली नाही.

दुपारी स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत ती नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरत बसली होती, एकटीच. मला हाक मारली तिनं. मी गेलो. तिनं पीठ लागलेले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "बाबू, खरां सांग. माका राग येवचो नाय. ती घोगरी ती मी ना रे?"

बघा, ती नुसतं विचारत होती. भांडत नव्हती, रडत नव्हती. कोणी रस्ता विचारावा तशी.

मी काय म्हणालो?

"नाय गो काकी," म्हणालो. "ती आपली मनातली. कोणच न्हय ती."

वर आणखी थोडं बोललो. मानशीची गोष्ट — ती मी त्या दुपारी, त्या पडवीत, तिच्यासमोर पहिल्यांदा रचली. पुढं मुलाखतीत लोकांनी डोळे पुसले ती हीच. आणि काकी पुन्हा खोबऱ्याचं सारण चमच्यानं नेवरीत भरायला लागली. "बरां," म्हणाली.

माझा अपराध हा आहे. घोगरी लिहिली हा नव्हे. तो वेगळा, तोही माझाच. पण मी ज्याच्याबद्दल बोलायला बसलोय तो हा — एका माणसानं डोळ्यांत बघून खरं काय ते विचारलं, रागवणार नाही असं आधीच सांगून विचारलं, आणि मी नाही म्हणालो.

त्या एका "नाय"चं पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. खरं तर थोडं थोडं तेव्हाच कळत होतं, मी कळून घेतलं नाही.

डिचोलीत तिच्या शेजारची पोरं तिला बघून गळ्यावर हात धरायला लागली. ती घरी सांगायची. सून म्हणायची, पोरं सगळ्यांनाच तसं करतात, पुस्तकच तसलं गाजलंय. दामू म्हणायचा, आई, बाबूनं स्वतः सांगितलंय ना ती तू नव्हे म्हणून? मग? दुसरं पुस्तक आलं, तिसरं आलं. शाळेच्या संमेलनात तिच्या नातीच्या वर्गातली एक मुलगी घोगरी होऊन आली, गळ्यावर कुंकवाची रेघ ओढून. काकी मधूनच उठून घरी निघून गेली. त्यानंतर तिनं बाहेर बोलणं कमी केलं. फोन घेईना. भजनाला जाईना. लोक आपल्यावर हसतात, आपलीच नक्कल करतात, असं ती म्हणायची — आणि ते खरंच होतं हो! पण लेखक नाही म्हणाला होता. मग ते खरं कसं असेल? म्हणून मग घरच्यांनी त्याला भ्रम असं नाव दिलं. तिला म्हापशाच्या एका डॉक्टरांकडं नेलं. घरच्यांनी जे सांगितलं त्यावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेऊन ती दुपारचीही झोपायची.

हे मला कुणी सांगितलं? दामूनंच. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. त्याचं डिचोलीच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे, साधा सरळ माणूस, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. म्हणाला, "आईच्या डोक्यातसून ता जायना. तू लिवलंस, तू येवन सांग. तुझां ती आयकतली."

म्हणजे मी येऊन पुन्हा एकदा खोटं बोलावं, अशी त्यानं विनंती केली — अर्थात त्याला माहीत नव्हतं ते खोटं आहे. आणि मी हो म्हणालो. तुमच्यापासून काय लपवू? मी डिचोलीला निघालो तो तेच खोटं परत बोलायला निघालो. स्कूटरवर वाक्यं जुळवत गेलो. मानस, वारा, भरती. जरा नवीन काहीतरी घालावं असंही वाटत होतं.

काकी सोप्यावर खुर्चीत बसली होती, दुपारच्या चहाची वेळ. बारीक झाली होती. सुनेनं चहा आणि उंडे, आमचे गोल पाव, आणून ठेवले आणि ती आत गेली. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं तोच काकीच बोलायला लागली. हळू, शब्द शोधत. मला वाटलं, विचारणार. तिनं विचारलं नाही.

"दामून तुका बोलवलो ना रे? नको होतां. माका समाजलां रे आता. ती मी न्हय. उगाच तुझ्यार आळ घेतलंय मी. राग धरू नको."

ती माझी माफी मागत होती.

मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? उंडा हातात होता माझ्या. तो बशीत ठेवला. मनात जुळवलेलं एकही वाक्य सापडेना, आणि पहिल्यांदाच मी शोधलंही नाही. मी म्हणालो, "ती तूच काकी. मी तुकाच बघून लिवलंय. तुझ्यार राग होतो म्हणून लिवलंय. आणि तू विचारलंस तेवा मी खोटां सांगलंय."

ती ताठ बसली. खुर्चीच्या हातावर दोन्ही हात टेकून, एखादा माणूस उठून उभा राहायच्या आधी बसतो तशी.

"परत सांग," म्हणाली.

मी परत सांगितलं. शॅक, बाबा, राग, सगळंच.

"म्हणजे माझां डोक्यां बरां होतां," ती म्हणाली. मला नव्हे, स्वतःलाच. आणि मग मोठ्यानं, त्या फाटक्या आवाजाला सगळा जोर लावून — "दामू! हय ये! हो काय सांगता तां आयक!"

दामू दुकानातून जेवायला येऊन आत पडला होता, तो धावत आला, त्याला वाटलं आईला काही झालं. तिनं त्याला समोर बसवलं आणि मला म्हणाली, आता त्याला सांग. मी सांगितलं. दामू माझ्याकडं बघत राहिला. त्याचा हात उठेल असं मला वाटलं, उठावा असंही वाटलं. पण तो आईकडं वळला. मग तिच्या पायांशी जमिनीवर बसला, हा जाडाजुडा माणूस, आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. ती त्याच्या डोक्यावर हात फिरवत माझ्याकडं बघून म्हणाली, "चित्रातलो हात कसो काय इतको माझ्यासारखो?"

तेही सांगावं लागलं. फोटोचं.

"खंयचो फोटो?"

"दामूच्या लग्नातलो."

"त्या दिसा," काकी म्हणाली, "माका सगळी सांगत होती, बरी दिसतंस म्हणान."

तिला राग यायला लागला होता, खरा, अंगात भरत जाणारा राग, आणि तो तिला शोभत होता. गालांवर रंग आला. मला म्हणाली, आता जा. आज मला तुझं तोंड बघायचं नाही. मी उठलो. चप्पल घालताना मागून तिचा आवाज ऐकू येत होता — ती सुनेला हाका मारत होती. तिलाही सांगायचं होतं. सगळ्यांना सांगायचं होतं.

आणि मला काय वाटलं असेल? लाज वाटली, वाटणारच. पण पेडण्याच्या रस्त्याला लागलो आणि मला हलकं वाटायला लागलं. इतकं हलकं की मी एका वळणावर स्कूटर थांबवून झाडाखाली नुसता उभा राहिलो. काजूचा वास येत होता. मी मोठ्यानं म्हणालो, ती काकीच. कुणी नव्हतं ऐकायला. पुन्हा म्हणालो. हे हलकं वाटणं माझ्या वाट्याचं नाही, हे मला समजतं. माझं ओझं उतरलं ते तिनं इतकी वर्षं वाहिलं म्हणून. तरीही वाटलं. जे वाटलं ते लिहितोय.

डॉक्टरांना सगळं सांगून, त्यांच्या सल्ल्यानं गोळ्या हळूहळू बंद झाल्या, असं दामूनं कळवलं. तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. काकीनं एकदा स्वतः फोन केला. "माफ केलंय असां समजू नको," म्हणाली. "बरी आसंय म्हणान सांगूक फोन केलंय." आणि ठेवला. मी फोन हातात धरून हसत होतो की रडत होतो, मला नाही सांगता येणार. बायकोनं विचारलं कोण? म्हटलं, शालिनीकाकी. बायको म्हणाली, बऱ्या आहेत का आता? म्हटलं, हो. बऱ्या आहेत. तिला बाकीचं हे वाचून कळेल. आधी सांगायला हवं होतं, तेही जमलं नाही.

पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत मुखपृष्ठ बदलायचं ठरलंय, लाल रेघ जाईल, हात जाईल. प्रकाशकांनी कारण विचारलं, ते मी एका ओळीत दिलं. पण आधीची हजारो पुस्तकं घराघरांत आहेत. ती परत येत नाहीत. त्यातली घोगरी तशीच राहणार, काकीच्या हाताची.

परवा कामानिमित्त डिचोलीच्या बाजारात गेलो होतो. मासळी विकणाऱ्या बायका बसतात तिथं काकी दिसली. बांगड्यांवरून घासाघीस चालली होती. तिचा आवाज दोन रांगा ओलांडून मला ऐकू येत होता, घोगरा, फाटका, आणि कुणाची पर्वा न करणारा. तिनं मला पाहिलं. हसली नाही. मासेवालीकडं वाकून काहीतरी बोलली आणि माझ्या दिशेनं बोट केलं. मासेवालीनं सुरी खाली ठेवली, डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं, शेजारणीला सांगितलं, तिनंही पाहिलं.

काकी त्यांना काय म्हणाली असेल ते मला ठाऊक आहे. ते खरं होतं. मी तिथंच उन्हात उभा राहिलो आणि त्यांना बघू दिलं.